मोटारसायकलवरील ध्वनिवर्धक



जालना जिल्ह्यांत खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमाजवळ जाफराबाद हें तालुक्याचें गांव आहे. येथून मोटारसायकलीवर निघालें असतां एका बाजूस सिंदखेड राजा व लोणार, तर दुसऱ्या बाजूस भोकरदन, सिल्लोड आणि अजिंठा असे लांबचे प्रवास करतां येतात. अशा प्रवासांत गाणें सोबतीला असावें असें वाटणें स्वाभाविक आहे. म्हणून पुष्कळ हौशी मंडळी वाहनावर ध्वनिवर्धक, म्हणजे व्यवहारांत ज्याला आपण अॅम्प्लिफायर म्हणतों तो, बसवून घेतात. ही हौस कशी पुरवावी आणि ती पुरवितांना कोठें थांबावें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

वाहनांतून संगीत नेण्याचा प्रयत्न नवा नाहीं. १९३० सालीं अमेरिकेंत गॅल्विन कंपनीनें ‘मोटोरोला’ नांवाचा रेडिओ मोटारीसाठीं विक्रीस आणला. त्या काळच्या रेडिओंतील काचेच्या व्हॉल्व्हना उच्च दाबाची वीज लागे. ती मिळविण्यासाठीं वेगळ्या बॅटऱ्या, किंवा पुढें दाब वाढविणारें निराळें यंत्र, जोडावें लागे. १९४७ च्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत ट्रँझिस्टरचा शोध लागला आणि हें ओझें उतरलें. थोड्या दाबावर चालणारा, तळहातावर मावणारा ध्वनिवर्धक त्यानंतरच शक्य झाला.

आतां दुकानांतील पेटीकडे वळूं. तिच्यावर ‘१००० वॅट’ असा ठळक आंकडा छापलेला आढळतो. त्याला भुलण्यापूर्वीं थोडें गणित करावें. इंजिन चालू असतांना वाहनाच्या विद्युत्-मंडळांत सुमारें १४ व्होल्ट दाब असतो. दाबाचा वर्ग करून त्यास स्पीकरच्या रोधाच्या दुपटीनें भागलें, म्हणजे स्वच्छ आवाजाची कमाल शक्ति निघते. ४ ओहमच्या स्पीकरसाठीं १९६ भागिले ८, म्हणजे साडेचोवीस वॅट! पेटींत दाब वाढविणारी योजना असेल तर आंकडा वाढेल. परंतु १००० वॅट खरोखरच हवे असतील, तर बॅटरीकडून ७० अँपियरांहून अधिक प्रवाह ओढावा लागेल. तेवढा प्रवाह पुरविणें मोटारसायकलीच्या जनित्राच्या आवांक्याबाहेरचें आहे. शिवाय आपल्या कानाचा हिशेब निराळा आहे. शक्ति दहापट केली, तेव्हां आवाज कानास सुमारें दुप्पट वाटतो. म्हणून प्रत्येक बाजूस वीसएक वॅट शक्ति प्रवाशास पुरेशी होते.

हीं वीस-वीस वॅट मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. जुन्या पद्धतीचा ध्वनिवर्धक घेतलेल्या विजेपैकीं जवळजवळ निम्मी उष्णतेंत घालवितो. ‘डी’ वर्गाचा नवा ध्वनिवर्धक फार थोडी घालवितो. मराठवाड्याच्या वैशाखांत, सीटखालच्या कोंदट जागेंत पेटी ठेवावयाची असेल, तर दुसरा प्रकारच घ्यावा. त्यास पूर्ण आवाजांत ४ अँपियरांच्या आसपास प्रवाह पुरतो. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशांत नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत सतत पेटलेला असतो. तेव्हां जनित्रावर त्याचा भार आधींच आहे, हें विसरूं नये.

जोडणी करतांना चार गोष्टी पाळाव्या. पहिली, बॅटरीच्या धन टोकापासून निघणाऱ्या तारेंत, टोकाच्या अगदीं जवळ, १० अँपियरचा फ्यूज असावा. तार कोठें घासून सांगाड्यास टेकली, तर फ्यूज जळेल आणि वाहन वाचेल. फ्यूज नसेल, तर पेट्रोलच्या टाकीखालीं तारच पेटेल. दुसरी, वीज रिलेमधून, किल्लीबरोबर चालूबंद होईल अशी घ्यावी. ८ अँपियर-तासांची बॅटरी इंजिन बंद असतांना गाण्यानें लवकरच दमते, आणि मग आडरानांत बटण दाबलें तरी इंजिन चालू होत नाहीं. तिसरी, ऋण तार थेट बॅटरीसच जोडावी व गाण्याची बारीक तार स्पार्क प्लगच्या तारेपासून दूर न्यावी. नाहींतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ गाण्यांत मिसळते. चौथी, हँडल पूर्ण वळविलें असतां एकहि तार ताणली जाऊं नये. काळ्या मातीची धूळ आणि पाऊस यांसाठीं जोड झांकलेले असावे, हें वेगळें सांगावयास नको.

येथपर्यंत कुशल मिस्त्रीचें काम झालें. यापुढील काम स्वाराचें आहे. ताशीं १०० किलोमीटर वेगांत हेल्मेटच्या आंतहि वाऱ्याचा आवाज १०० डेसिबेलच्या आसपास जातो. अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबेल आवाज दिवसांत ८ तास सोसावा. त्यापुढें दर ३ डेसिबेलांस ही मुदत निम्मी होते. हिशेब केला, तर १०० डेसिबेलांस उरतात अवघीं १५ मिनिटें! अशा वाऱ्यावर गाणें चढविणें म्हणजे थकलेल्या कानावर आणखी घाव घालणें होय. कानाची गेलेली शक्ति पुष्कळदां परत येत नाहीं. म्हणून भरवेगांत गाणें बंद असावें. मंद वेगांत, किंवा झाडाखालीं विसांवा घेतांना, हलक्या आवाजांत तें ऐकावें. हेल्मेटखालीं कानांत बोंडें खुपसणें हा त्यावर उपाय नव्हे. त्यानें बाहेरचे आवाजहि अडतात.

दुसऱ्यांचाहि विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेलांची मर्यादा ठरविलेली आहे. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्याभोंवतीं १०० मीटरांपर्यंतचा भाग शांतताक्षेत्र म्हणून जाहीर करतां येतो. गांवाची वेस दिसतांच बटण फिरवावें, हें कायद्यापेक्षांहि सभ्यतेस शोभतें. लोणारच्या कांठीं किंवा अजिंठ्याच्या पायथ्याशीं आलेल्या प्रवाशास तेथील शांतताच पुष्कळदां हवी असते.

शेवटीं एक सोपी कसोटी सांगतों. मागून येणाऱ्या एस. टी. चा हॉर्न आणि मागें बसलेल्या सोबत्याचे शब्द ज्या आवाजांत सहज ऐकूं येतात, तेवढाच आवाज ठेवावा. तेवढ्यासाठीं मोठी पेटी लागत नाहीं. आणि दुकानांत जाण्यापूर्वींच हें ध्यानांत आलें, तर पैसेहि वांचतात.