राहिलेली सहल
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



नववीत आपली सहल रायगडला गेली होती. वर्गातली एक मुलगी पैशांअभावी आली नाही. का आली नाही, हे कुणीच विचारलं नाही; मीही नाही. पुढे तीच माझी बायको झाली. लग्नाला पंचवीस वर्षं होताना ठरवलं, तिला गुपचूप हाँगकाँगच्या डिस्नेलँडला न्यायचं.

गुपित पहिल्याच पायरीवर अडखळलं. हाँगकाँगसाठी आपल्याला आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. तिचा संपत आलेला. पासपोर्ट सेवा केंद्रात तिनं स्वतःच जायला हवं! म्हटलं, "ओळखपत्र म्हणून असू दे." ती "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे फिरायला जाऊ लागली. गुडघे दुखायचे, तरी एक दिवस चुकली नाही.

हाँगकाँग तिला मुंबईच्या विमानतळावर कळलंच. डिस्नेलँड मात्र मी लपवलं होतं. सनी बे स्थानकात मिकीच्या आकाराच्या खिडक्यांची गाडी आली. मी ऐटीत तिच्याकडे पाहिलं. ती हसली, "हॉटेलचा ई-मेल मी तेव्हाच वाचला होता. दिवसभर चालता यावं म्हणून तीन महिने सराव केला. तुझी गंमत मोडायची नव्हती."

ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिची सहल झाली, पण चौतीस वर्षं उशिरा. शाळेच्या यंदाच्या सहलीतून एकही नाव पैशांमुळे गळू नये, एवढं आपण सगळे मिळून पाहू या.