शेरा नसलेली पावती
(मेढा इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



मी गोदीत काम करतो. मॅट्रिकच्या पुढं शिकलो नाही. वकील तर नाहीच. कायद्याचं काही चुकलं तर उठून बोला. पण गोदीत एक शिकलो. जहाजावर माल चढताना गोण फाटकी दिसली की टॅलीवाला कागदावर शेरा मारतो : फाटलेली, भिजलेली. शेरा नसेल तर माल साबूत धरतात. मग पुढच्या बंदरात कितीही बोंबला.

माझ्या आजानं असाच बिनशेऱ्याचा कागद दिला. जमिनीचा.

कुठलं धरण ते सांगत नाही. सगळ्यांचा साचा एकच. या मेढ्याच्या खाली वेण्णेवर कण्हेर धरण आहे, डोंगर ओलांडून बामणोलीला उतरलं की कोयनेचं पाणी. तुमच्याही घरच्या ट्रंकेत असा एखादा कागद असेल.

कायदा गोऱ्यांचा, १८९४ चा. सरकार म्हणेल ते सार्वजनिक प्रयोजन. कलम ४ ची नोटीस गावात लागते. लागते कुठं, तर चावडीवर. महारवाड्यातनं चावडीवर वाचायला जायचं कुणी, आणि वाचता येतं कुणाला? मग निवाडा. दर पटला नाही तर कलम १८ खाली कोर्टाकडं दाद मागायची. निवाड्याला हजर असलात तर मुदत सहा आठवडे. आणि कलम ३१ मध्ये एक पाचर मारून ठेवलेली : पैसे उचलताना 'हरकत राखून' उचलले नाहीत, तर कलम १८ चा अर्जच करता येत नाही. अंडर प्रोटेस्ट म्हणतात ते हेच. दोन शब्द.

आजा सांगायचा. कचेरीत कारकून म्हणाला, "अंगठा हितं."

आजा म्हणाला, "दर लई कमी हाय, साहेब."

"मग कोर्टात सांग. अंगठा कर."

आजानं अंगठा उठवला. तोंडानं हरकत घेतली होती त्यानं. कागदावर ती आली नाही. बांधाला बांध असलेल्या पाटलानं ते दोन शब्द लिहिले, कोर्टात गेला, दर वाढवून घेतला. त्याला मी शिव्या देत नाही. त्याला वाचता येत होतं, एवढंच.

बरं, १९८४ साली कायद्यात कलम २८-अ आलं. एकाच अधिसूचनेतल्या एकाला कोर्टानं दर वाढवून दिला, तर कोर्टात न गेलेल्यांनी तीन महिन्यांत अर्ज करून तोच दर मागायचा. पाटलाचा निकाल आजाला कळला दीड वर्षानं, त्याच्या गड्याकडून. घ्या!

तरी आजाचं नाव सातबाऱ्यावर होतं. वतनाच्या जमिनीची गोष्ट याहून वाईट. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं, ते पुढं निघालं नाही. वतनं खालसा झाली १९५८ च्या कायद्यानं. पिढ्यान् पिढ्या मढी वाहून, सांगावे पोचवून मिळालेली जमीन परत नावावर करायची तर आकाराच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरा. न भरणारा आपल्याच जमिनीत बेकायदा कब्जेदार. मग धरण आलं की भरपाई कुणाला? जमीन सरकारची, घेणारं सरकार. अन् कोयनेचं धरण बांधलं तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. पहिला आला १९७६ साली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही मालमत्तेच्या हक्काचे भक्त झालात काय? नाही. बाबासाहेबांनीच १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मागितलं होतं, की सगळी शेतजमीन राज्यानं भरपाईचे रोखे देऊन घ्यावी आणि जातपात न बघता गावकऱ्यांच्या गटांना कसायला द्यावी. जमीन घेण्याला आमचा विरोध नाही. जमीनदार मात्र घटनेतल्या मालमत्तेच्या हक्कावर कोर्टात भांडले. त्या कलम ३१ बद्दल बाबासाहेबांनी १९५५ साली राज्यसभेत साफ सांगितलं, की तो मसुदा आमचा नव्हे. १९७९ साली तो मूलभूत हक्क गेला. त्याच्यासाठी मी रडत नाही. माझं भांडण एवढंच, की बड्यांची घेताना कोर्ट, वकील, घटनादुरुस्ती; आणि आमची घेताना अंगठा.

१ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आहे. ठरलेल्या रकमेवर शंभर टक्के दिलासा. आधीची तीन वर्षं त्या भागात राबून पोट भरणारा भूमिहीनही बाधित कुटुंबात मोडतो. पाटबंधाऱ्यात दलिताची जमीन गेली तर जमिनीला जमीन : घेतली तेवढी किंवा अडीच एकर, यातलं जे कमी ते. 'जे कमी ते' लिहिणाऱ्याचा हात मला एकदा बघायचाय. आणि ती जुनी पाचर? नव्या कायद्यात कलम ७७ मध्ये तशीच ठोकलेली आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी नोटीस आलीय त्यांनी ती उद्या घेऊन या, पाकिटासकट. पाकिटावरची तारीखही लागते. म्हाताऱ्यांना सांगा, मी येईपर्यंत कशावरही अंगठा नको. माझी एसटी दुपारची आहे, तोवर मी स्टँडसमोर चहाच्या टपरीवर बसतो.