आधी शेवट शिकावा



चौसष्ट घरांचा पट आणि बत्तीस मोहरे एवढाच बुद्धिबळाचा सरंजाम. हत्तीने सरळ जावे, उंटाने तिरपे, वजिराने दोन्ही प्रकारे, घोड्याने अडीच घरे उडी घ्यावी, प्याद्याने सरळ चालावे पण मारावे तिरपे, आणि राजाने कोणत्याही दिशेस एकच घर सरकावे, हे नियम बेताच्या बुद्धीच्या मुलासही लवकर अवगत होतात. परंतु पहिल्याच खेपेस पांढऱ्याला २० खेळी उपलब्ध असतात, काळ्यालाही तितक्याच, आणि दोघांची एकेक खेळी होताच ४०० निरनिराळ्या स्थिती संभवतात. अशा वेळी आपण नवशिक्याच्या हाती बहुधा प्रारंभीच्या खेळींची यादी देतो. ती तो मुखोद्गत करतो, आणि प्रतिपक्षाने यादीबाहेरची एक खेळी केली की गोंधळून जातो.

माझे नम्र प्रतिपादन असे की, या विद्येचा श्रीगणेशा डावाच्या अखेरीपासून करावा. क्यूबाचा होझे राउल कापाब्लांका १९२१ साली हवाना येथे इमानुएल लास्करचा पराभव करून जगज्जेता झाला. त्याच वर्षीच्या ‘चेस फंडामेंटल्स’ या आपल्या ग्रंथात त्यानेही वाचकापुढे प्रथम ठेवली ती एकाकी राजावर हत्तीने करावयाची मात.

ती मात जरा जवळून पाहू. काळा राजा पटाच्या मधोमध एकटा उभा आहे. त्याच्या लगतच्या आडव्या रांगेवर आपला हत्ती दुरून बसवला की ती रांग त्यास बंद होते. मग आपला राजा पुढे आणावयाचा. दोन्ही राजे, मध्ये एकच घर राखून, समोरासमोर ठाकले की हत्तीने बाजूने शह द्यावा; पुढची तिन्ही घरे आपल्या राजाने रोखलेली असल्यामुळे काळ्यास एक रांग मागे हटण्यावाचून गत्यंतर उरत नाही. राजे समोरासमोर येण्यास बाजूचे एकच घर उरले असेल आणि पाळी आपली नसून त्याची हवी असेल, तर हत्तीने त्याच रांगेवर एक घर सरकून स्वस्थ राहावे. अशा रीतीने एकेक रांग काबीज करीत पटाच्या कडेला मात होते. आणि पाळी आपली असून खेळ बिनचूक असेल, तर ती फार तर १६ खेळींत साधते. किल्लेकोटाआड दडवून ठेवावयाचा म्हणून ज्या राजाची नवशिक्यास ओळख झालेली असते, तोच येथे फौजेच्या अग्रभागी चालतो, हे त्यास प्रथमच उमगते.

विजय हाताशी आल्यावरही सावधगिरी सोडू नये, हा धडाही येथेच मिळतो. प्रतिपक्षाचा एकटा राजा पटाच्या कोपऱ्यात असताना आपला वजीर त्याच्यापासून घोड्याच्या अडीच घरांवर नेऊन ठेवला, तर त्यास शह बसत नाही आणि हलावयास घरही उरत नाही. जिंकलेला डाव तत्क्षणी बरोबरीत सुटतो.

प्याद्याच्या शेवटातही राजा पुढे हवा. प्यादे पाचव्या रांगेवर आणि आपला राजा त्याच्यापुढे सहाव्या रांगेवर असेल, तर कडेच्या पट्टीतील प्यादे वगळता, शत्रूचा राजा आडवा आला तरी ते आठवी रांग गाठून वजीर होतेच. राजा मागे रेंगाळला, तर तेच प्यादे बहुधा वाटेतच अडते. आपल्या जुन्या देशी खेळात प्यादे आरंभीही एकच घर चालत असे, आणि प्याद्याने केलेली मात, म्हणजे प्यादेमात, विशेष मानाची समजत; लहान मोहऱ्याचे मोल पूर्वजांस चांगले उमगले होते.

कोणी म्हणेल, यात आरंभीच्या घनघोर लढाईचे शिक्षण कोठे आले? ते यातूनच येते. एक प्यादे अधिक असता वजिरास वजीर द्यावा की न द्यावा, ही मसलत ऐन रणधुमाळीत उभी राहते. ज्यास पुढील अखेर दिसते तोच तिचा निर्णय करू शकतो, इतर केवळ भीतीपोटी वजीर राखून बसतात.

म्हणून ज्या आईवडिलांना आपल्या मुलांस हा खेळ शिकवावयाचा आहे, त्यांनी प्रथम पटावर दोन राजे व एक हत्ती, पुढे दोन राजे व एक प्यादे, एवढेच मांडावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये. आणि मुलाने स्वतःच्या विचाराने मात केली, म्हणजे मग बत्तीस मोहरे खुशाल त्याच्या स्वाधीन करावेत.