भिंतीवरची नोटीस मोबाईलवर येते तेव्हा

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंटरनेट आणि खासगीपणा या विषयावर बोलायला मला सांगितले आहे. मोबाईलमधले कोणते सेटिंग बंद ठेवावे, कोणत्या ॲपला परवानगी देऊ नये, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. म्हणून मी फक्त एका सरकारी कागदाविषयी बोलणार आहे.

धर्म न बदलता दोन वेगळ्या धर्मांच्या माणसांना लग्न करायचे असेल, तर आपल्या देशात १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. चांगला कायदा आहे. पण त्यात लग्नाआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीत दोघांची नावे, वय, व्यवसाय आणि राहण्याचे पत्ते असतात. कलम ६ प्रमाणे ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावतात. नोटिशींची वही कोणालाही फी न भरता पाहता येते. कलम ७ प्रमाणे कोणीही हरकत घेऊ शकतो. निकाह लावताना किंवा हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करताना अशी ३० दिवसांची अट नसते.

१९५४ साली ही नोटीस किती लोक वाचत असतील? कार्यालयात कामासाठी आलेले चारदोन लोक. त्यांनी ती कोणाला सांगायची म्हटली तरी त्यांना उठून त्या घरापर्यंत जावे लागे. आज काय होते? मी अनेक जोडप्यांसोबत नोंदणी कार्यालयात गेलो आहे. फलकासमोर उभा राहून एकामागून एक नोटिशींचे फोटो काढणारा तरुण मी तिथे पाहिला आहे. त्याला कोणी अडवत नाही, कारण कायद्याने तो कागद सगळ्यांसाठी खुला आहे. संध्याकाळपर्यंत फोटो मुलीच्या गावातल्या ग्रुपवर पोहोचतो. एका बाजूच्या ग्रुपवर त्याखाली ‘लव्ह जिहाद’ असे लिहिलेले असते, दुसऱ्या बाजूच्या ग्रुपवर ‘भगवा लव्ह ट्रॅप’. दोन्ही ग्रुप एकमेकांचे वैरी, पण काम एकच करतात. दोघांच्याही हातात त्या मुलीचा पत्ता असतो आणि तिचे मत मात्र कोणी विचारलेले नसते.

केरळमध्ये तर या नोटिशी सरकारी वेबसाइटवरच टाकल्या जात होत्या. तिथून त्या उचलून सोशल मीडियावर फिरवल्या गेल्या. तक्रारी झाल्यावर २०२० मध्ये राज्य सरकारने वेबसाइटवर नोटिशी टाकणे थांबवले. फलकावरची नोटीस मात्र राहिली.

काही जण विचारतात, ‘लग्न करायचे आहे ना, मग लपवता कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात ९ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. जोडीदार कोण असावा हा निर्णय त्या हक्कात येतो. आपली कोणती गोष्ट, कोणाला आणि केव्हा सांगायची हे ठरवण्याचा अधिकार आपला असतो. ती मुलगी आईला सांगणारच असते. पण तिने स्वतः सांगणे वेगळे आणि मामाच्या मोबाईलवर फोटो येऊन पडणे वेगळे.

न्यायालयांनी वाट थोडी मोकळी केली आहे. कायद्यात तरतूद नसताना घरच्या पत्त्यावर नोटीस पाठवण्याची पद्धत दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये चुकीची ठरवली. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितले, की नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याने ठरवावे. पण हा निकाल महाराष्ट्रातल्या कार्यालयांवर बंधनकारक नाही.

२०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला, तेव्हा आता तरी संरक्षण मिळेल असे अनेकांना वाटले. तो कायदा नीट वाचा. जी माहिती सार्वजनिक करणे दुसऱ्या एखाद्या कायद्याने बंधनकारक आहे, तिला तो लागूच होत नाही. तुमचा मोबाईल नंबर विकणाऱ्या कंपनीला हा कायदा जाब विचारू शकेल, पण फलकावरच्या नोटिशीपुढे तो गप्प आहे.

नोटिशीच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो आपण प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. आधीच लग्न झालेल्या माणसाकडून मुलीची फसवणूक होऊ नये, म्हणून ही व्यवस्था आहे असे म्हणतात. काळजी योग्य आहे. पण हरकत घेण्याची कारणे कायद्यात मोजकीच आहेत: जोडीदार हयात असणे, वय कमी असणे, मानसिक अक्षमता, निषिद्ध नाते. ही कागदपत्रांवरून आणि चौकशी करून अधिकाऱ्याने तपासण्याची कामे आहेत. खोटे निवेदन करणे कलम ४५ प्रमाणे गुन्हा आहेच. यासाठी सगळ्या गावाला पत्ता वाटण्याची गरज नाही. शिवाय धर्म वेगळा असणे हे हरकतीचे कारणच नाही, आणि फोटो फिरवणाऱ्यांना नेमकी तीच हरकत असते.

मग आपण काय करायचे? पहिले, असा फोटो ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका. ‘खरे आहे का बघा’ म्हणूनसुद्धा नाही. ॲडमिन असाल तर काढून टाका आणि का काढला ते ग्रुपवर सांगा. दुसरे, मैत्रिणीने किंवा भावाने असे लग्न ठरवले असेल तर ते ३० दिवस त्यांना एकटे सोडू नका. धोका दिसला तर पोलिसांकडे लेखी अर्ज करा. २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष स्थापण्याचे निर्देश दिले आहेत, त्याचा अर्जात उल्लेख करा. तिसरे, आपल्या आमदार-खासदारांकडे मागणी करा, की पडताळणी राहू द्या, पण नावे-पत्ते प्रसिद्ध करणे बंद करा.

कायदा बदलायला वेळ लागेल. फॉरवर्डचे बटण मात्र आज, आत्ता तुमच्या अंगठ्याखाली आहे. ते न दाबल्याने एखादे जोडपे ३० दिवस सुखरूप राहू शकते. एवढे कराल, अशी खात्री बाळगतो.