माझ्यावर विश्वास नाही का?

जेवणं झाली असतील, भांडी राहिली असतील. घासता घासता ऐका, हरकत नाही. आम्ही ढोकीहून बोलतोय. बचत गटांचं काम करता करता आम्हाला दहा वर्षं झाली. आज कर्ज, व्याज, योजना यातलं काही सांगणार नाही. आपल्या प्रत्येक गटात कधी ना कधी एक वाक्य येतंच, त्याच्याबद्दल बोलायचं आहे. ते वाक्य म्हणजे, “माझ्यावर विश्वास नाही का?”

झालं असं. आमच्याकडच्या एका गटात बारा जणी. दर गुरुवारी बैठक, प्रत्येकीची 50 रुपये बचत. अध्यक्षा फार कामाची बाई. नऊ वर्षं तीच अध्यक्षा. बँकेत तीच जायची, वह्या तीच लिहायची, पासबुक तिच्याच कपाटात. एखादी बैठकीला आली नाही तर तिच्या दारात जाऊन पैसे आणायची. एक रुपया इकडचा तिकडं नाही. आम्हीही खूश होतो. माहिती हवी असली की एक फोन करायचा, संध्याकाळपर्यंत कागद तयार. बाकीच्या अकरा जणींची नावंसुद्धा आम्हाला धड पाठ नव्हती, हे आज कबूल करतो.

एका वर्षी दिवाळीनंतर तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं. दीड महिना ती सोलापूरला लेकीकडं राहिली. सचिव नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली. बँकेत तिघींपैकी दोघींच्या सह्या लागतात, आणि गावात उरली एकटी कोषाध्यक्ष. सहा बैठका झाल्या नाहीत. म्हणजे 3,600 रुपये बचत गोळा झाली नाही. ते एक वेळ राहू द्या. पण त्याच दिवसांत एकीच्या सुनेचं बाळंतपण अडलं आणि तिला 15,000 रुपये लागले. गटाच्या खात्यात 43,000 होते. तिच्या घामाचे पैसेही त्यातच होते. पण काढणार कोण? तिनं खासगी फायनान्सचं कर्ज उचललं आणि पुढं वर्षभर दर आठवड्याला त्यांचा हप्ता भरत राहिली.

अध्यक्षा परत आल्यावर त्याच बाईनं बैठकीत विचारलं, “आता वही आळीपाळीनं लिहावी का आपण?” एवढंच. अध्यक्षेनं वह्यांची पिशवी सतरंजीवर ठेवली. “नऊ वर्षं गट सांभाळला. चोरी केली का मी? माझ्यावर विश्वास नाही का?” आणि उठून गेली. तीन गुरुवार आली नाही. तिचं चुकलं असं आम्हाला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. जिनं उन्हातान्हात गट उभा केला तिला लागणारच.

आपल्या ढोकीपासून तेर काही लांब नाही. गोरोबाकाकांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली. संत मंडळी जमली होती. मुक्ताईनं सांगितलं, काका, कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं, बघा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवत निघाले. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. आता बघा, बाजारात आपण माठ घेतो तेव्हा बोटानं वाजवून घेतो. कुंभार कधी म्हणतो का, माझ्यावर विश्वास नाही का? त्याला ठाऊक असतं, पाणी भरायच्या आधी माठ वाजवायचाच असतो. आपल्या गटात मात्र हिशेब विचारला की लगेच संशय झाला. मग विचारणारी गप्प बसते आणि हळूहळू सगळा गटच गप्प बसायला शिकतो. आम्हाला विचाराल तर, भांडणापेक्षा ही गप्प बसायची सवय जास्त वाईट.

मोठ्या संस्थांचंही असंच असतं. तेरणा साखर कारखान्याचं धुराडं आपल्या डोळ्यांसमोर आहे. सहकारी कारखाना, मालक शेतकरी सभासद. कर्ज थकलं आणि अनेक हंगाम तो बंद राहिला. कुणाचं काय चुकलं ते ठरवणारे आम्ही कोण? पण सहकाराचा 1960 चा कायदा सांगतो, शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यायची आणि हिशेब सभासदांपुढं ठेवायचा. आमच्या घरचे एक वडीलधारे एका सहकारी संस्थेचे जुने सभासद. आम्ही त्यांना विचारलं, सभेत तुम्ही काय विचारत होता? ते हसले. म्हणाले, “जेवण कधी आहे, एवढंच.”

बायांना विचारता येतं, हे याच जिल्ह्यानं दाखवलंय. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. पुढं घरं दुरुस्त आणि मजबूत करायचं काम गावोगाव निघालं, तेव्हा लातूर आणि आपल्या जिल्ह्यात गावातल्याच बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्या कामात होती. या बायांचं काम काय, तर घरोघर जाऊन विचारायचं. पैसे हातात पडले का? काम कुठवर आलं? भिंत सांगितली तशी बांधली का? ज्यांनी कधी पुरुषांसमोर तोंड उघडलं नव्हतं, त्या गवंड्याला आणि साहेबाला प्रश्न विचारायला लागल्या. त्यांच्यातल्या पुष्कळ जणी पुढं बचत गटांच्या कामात आल्या.

तर आमच्या त्या गटाचं काय झालं? चौथ्या गुरुवारी कोषाध्यक्ष आणि दोघी जणी अध्यक्षेच्या घरी गेल्या. माफी वगैरे मागितली नाही. वही पुढं ठेवली आणि म्हणाल्या, “आम्हाला लिहायला शिकव.” ती थोडा वेळ बोललीच नाही. मग चहा ठेवला. त्या रात्री साडेदहापर्यंत बसल्या होत्या म्हणे.

आता वही दर महिन्याला दुसरीकडं जाते. ठराव करून बँकेतल्या सह्या बदलल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची सही ठेवायची नाही, हेही ठरलं. बैठक संपण्याआधी एकीनं उभं राहून जमा किती, कर्ज किती, शिल्लक किती, हे मोठ्यानं वाचायचं आणि दुसरीनं त्यावर एक तरी प्रश्न विचारायचाच. मनात शंका असो नसो. सगळं गोड झालं असं समजू नका. पहिल्याच महिन्यात 200 रुपयांचा मेळ बसेना, दीड तास गेला. अध्यक्षा म्हणाली, “मी लिहिलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं.” खरंच झालं असतं. पण त्या दिवशी बारा जणींनी मिळून पैसे मोजले, पहिल्यांदा. एक बाई “ही कटकट नको” म्हणून गट सोडून गेली. आम्ही समजावायला गेलो, ती ऐकली नाही.

अध्यक्षपद आता कोषाध्यक्षेकडं आहे. जुनी अध्यक्षा शेजारच्या दोन गटांना वह्या शिकवते. आवाज अजून तसाच चढा.

येत्या गुरुवारी वाचायची पाळी गटातल्या सगळ्यात थोरल्या बाईची आहे. शाळा दुसरीपर्यंत. पाच आकडी रक्कम वाचताना अडखळते, म्हणून आठ दिवस झाले, रोज रात्री नात तिच्याकडून पाटीवर आकडे गिरवून घेतेय. प्रश्न विचारायची पाळी जुन्या अध्यक्षेची आहे.