उतरण्याआधी परतीचं बघा: बर्फावरच्या विमानांची गोष्ट

हेडफोन लावा, आजचा एपिसोड थंड आहे. थंड म्हणजे उणे साठ अंश. नांदेडच्या उन्हात ऐकायला बरा.

नवीन आलेल्यांसाठी सांगतो. मी नांदेडचा, आजोळ लातूर. बीटेक केलं, आता कोड लिहून पोट भरतो. गेले दोन महिने मी एकाच गोष्टीबद्दल वाचत सुटलोय: चाकांसोबत स्की लावलेली, अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरणारी विमानं. हे खूळ कुठून आलं ते शेवटी सांगतो. त्यात एक बस आहे आणि माझी आजी आहे.

आधी आपला काय संबंध, ते बघू. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून जहाजाने निघाली. १९८३-८४ च्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता, अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय महिला. तेव्हा सगळी भिस्त जहाजावर आणि हेलिकॉप्टरवर होती. आज तिथे मैत्री आणि भारती ही आपली दोन केंद्रं आहेत, आणि त्यांचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय संस्थेतून चालतो. या दोन केंद्रांत अंतर किती? साधारण तीन हजार किलोमीटर! केप टाऊनहून येणारं मोठं विमान मैत्रीजवळ कडक निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर चाकांवर उतरतं. पुढे मऊ बर्फ आला की स्कीवालं छोटं विमान लागतं.

त्यातलं एक म्हणजे बासलर बीटी-६७. नाव नवीन, पण सांगाडा कुणाचा? डीसी-३ चा, म्हणजे आपल्या डाकोटाचा! १९३५ मध्ये पहिल्यांदा उडालेलं विमान. ऑक्टोबर १९४७ मध्ये आपले सैनिक श्रीनगरला उतरवले ते याच डाकोटांनी. अमेरिकेत जुन्या डाकोटाचं अंग थोडं लांबवतात, नवी टर्बोप्रॉप इंजिनं लावतात आणि पाठवतात बर्फात. जुना कोड नीट लिहिलेला असेल तर किती वर्षं चालतो, बघा.

आता स्कीचं गणित. मऊ बर्फात चाक रुतणार. स्की वजन पसरवते, म्हणून विमान वर राहतं. पण स्कीला ब्रेक नसतो. उतरल्यावर बर्फाचं घर्षण आणि उलटा फिरवलेला पंख्याचा जोर, एवढ्यावर थांबायचं.

आणि खरी अडचण थांबल्यावर सुरू होते. घसरताना घर्षणाने स्की जरा गरम होते, खालचा बर्फ थोडा वितळतो, विमान थांबलं की तो परत गोठतो. झालं, विमान जमिनीला चिकटलं! दुसरं असं की उणे पन्नासच्या खाली बर्फ निसरडा राहतच नाही. घसरायला जो पाण्याचा पातळ थर लागतो, तो तयारच होत नाही. गोदावरीच्या कोरड्या वाळूत मोटरसायकल घातलीय कधी? तसं होतं.

३१ ऑक्टोबर १९५६. दक्षिण ध्रुवावर पहिलं विमान उतरलं, अमेरिकन नौदलाचं. तेही डाकोटाच्याच जातीचं, स्की लावलेलं. माणसं सात. थंडी उणे पन्नासच्या आसपास. खाली होते जेमतेम ४९ मिनिटं, इंजिनं चालूच ठेवली होती. तरी निघताना विमान जागचं हलेना. शेवटी अंगाला बांधलेले १५ छोटे रॉकेट टप्प्याटप्प्याने पेटवले, तेव्हा कुठे ते उठलं. उतरणं जमलं म्हणजे काम झालं असं नसतं, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

तिसरी गोष्ट, दिसण्याची. वर ढग पांढरे, खाली बर्फ पांढरा, सावली कुठेच नाही. जमीन दहा फुटांवर आहे की हजार, डोळ्याला कळत नाही. सरकीच्या ढिगात डोकं खुपसल्यासारखं. पांढरा अंधारच तो. १९७९ मध्ये न्यूझीलंडचं प्रवासी विमान अशाच उजेडात माउंट एरेबसवर आदळलं, २५७ माणसं गेली. विमानाच्या संगणकातले मार्गाचे आकडे बदलले होते आणि वैमानिकांना ते सांगितलंच नव्हतं. एक बदल, आणि ज्याला सांगायला पाहिजे त्यालाच सांगितला नाही. माझ्यासारख्याने हे वाचलं की पोटात गोळा येतो.

म्हणून अनोळखी जागी हे वैमानिक लगेच थांबत नाहीत. स्की बर्फाला टेकवतात, थोडं अंतर घासत नेतात आणि न थांबता परत उठतात. मग वरून चक्कर मारून आपल्याच स्कीच्या खुणा बघतात. खुणेत कुठे काळं भोक दिसलं, म्हणजे खाली भेग आहे. तिथे उतरायचं नाही.

आता २०१६. हे साल म्हटलं की लातूरकराला मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवते. त्याच वर्षी जूनमध्ये ध्रुवावरच्या केंद्रात दोन माणसं आजारी पडली. तिथे तेव्हा चोवीस तास रात्र. कॅनडाहून दोन ट्विन ऑटर निघाली, अंटार्क्टिकाच्या काठावरच्या ब्रिटिश केंद्रात पोचली. तिथून ध्रुव सुमारे २४०० किलोमीटर. आणि गेलं किती विमानं? एकच. दुसरं काठावरच तयार ठेवलं. का? पहिलं अडकलं तर त्याला शोधायला कोण जाणार? पहिलं विमान गेलं, माणसांनी काही तास विश्रांती घेतली, आजाऱ्यांना घेऊन परत आलं. जायच्या आधीच परतीचा हिशोब झालेला होता.

आता बस.

सप्टेंबर २०२१, गुलाब चक्रीवादळाचा पाऊस. लातूरहून मामाचा फोन आला, आजीचं काही खरं नाही, निघ. नांदेडहून रात्रीची बस धरली. लोह्याच्या पुढे एका नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं, फार नाही, गुडघाभर वाटत होतं. ड्रायव्हर मामांनी गाडी बाजूला लावली आणि इंजिन बंद केलं.

मी पुढे जाऊन म्हणालो, "मामा, घ्या ना गाडी, एवढ्या पाण्यातून ट्रक जायलेत." ते म्हणाले, "जायलेत ते दिसायलंय. पुलाचं काय झालंय ते दिसायलंय का तुला?" मी नको ते बोललो. मोठ्याने बोललो. ते काहीच बोलले नाहीत, स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

पहाटे पाणी उतरलं. मामा आणि कंडक्टर काठी घेऊन पायी पुलावर गेले, टोचत टोचत पलीकडे पोचले, परत आले. पुलाची डावी कड वाहून गेली होती. आम्हाला सगळ्यांना चालत पलीकडे नेलं, मग रिकामी गाडी उजव्या कडेने हळूहळू काढली.

मी लातूरला पोचलो तेव्हा आजी गेली होती. दोन तासांनी चुकलो.

त्या माणसावर मी कितीतरी दिवस राग धरला. पुलाची कड डोळ्यांनी बघून सुद्धा. मग एका रात्री ते स्की घासून खुणा बघायचं वाचलं, आणि मला काठी घेऊन पुलावर चालणारे मामा दिसले. माझ्याकडे एक आजी होती. त्यांच्या गाडीत चाळीस माणसं होती, आणि मागे दुसरं विमान नव्हतं.

थांबण्याची किंमत शून्य नसते, मंडळी. त्या रात्रीची किंमत मी दिली. तरी मामा बरोबर होते. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे समजायला मला अंटार्क्टिकापर्यंत जावं लागलं.

मामा, तुम्ही हे ऐकणार नाही बहुतेक. पण त्या रात्रीबद्दल माफ करा.

पावसाळा येतोय. पुलावर पाणी असेल तर थांबा. घरी फोन करून सांगा, उशीर होईल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.