रक्तदाबाची गोळी आणि घरची शुश्रूषा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



इस्लामच्या इतिहासात हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव आदराने घेतले जाते. खंदकच्या लढाईतील जखमींसाठी मदीनेच्या मशिदीत त्यांचा तंबू होता. शुश्रूषा हे हलके काम नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. आज मी ज्या शुश्रूषेविषयी बोलणार आहे, तिला तंबूही लागत नाही. ती आपल्या घरात, दादीच्या खाटेजवळ करावयाची आहे.

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काही दुखत-खुपत नाही. म्हणून गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी माणूस म्हणतो, "आता बरे वाटते, गोळी कशाला?" घात होतो तो येथेच. आकडा खाली आला तो गोळीमुळे. गोळी सोडली की दाब पुन्हा चढतो आणि लकवा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा बिघाड यांना वाट मोकळी होते. ॲटेनोलॉलसारखी गोळी तर एकाएकी मुळीच बंद करू नये.

काही जण गोळी टाकून जडीबुटीकडे वळतात. सर्पगंधेच्या मुळीने दाब उतरतो हे खरे. पण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर मोजून-तपासून १९४९ साली तसा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे जगाने ते मानले. मोजल्यावाचून औषध नाही, हाच त्यातील धडा.

आता घरच्यांनी काय करावे? गोळीची वेळ ठरवून द्यावी व कॅलेंडरवर रोज खूण करावी. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या देऊ नयेत. दाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नको. पाच मिनिटे शांत बसवावे, हात छातीच्या पातळीवर टेकवावा. आकडा तारखेसह वहीत लिहावा. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून वर राहिला तर ती वही डॉक्टरांना दाखवावी.

औषधाचे काही त्रासही असतात. अम्लोडिपिनने पायांच्या घोट्यांना सूज येते, एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो, लघवीच्या गोळीने अशक्तपणा येतो. असे झाले तर गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. ते ती बदलून देतात. म्हाताऱ्या माणसाने अंथरुणातून एकदम उठू नये. आधी काठावर बसावे, मग उभे राहावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण अंगातले पाणी कमी होऊन दाब फार उतरू शकतो. गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. त्यांतील अनेकांनी दाब वाढतो. गोळी घेणाऱ्या सुनेला-लेकीला दिवस गेले, तर लगेच डॉक्टरांना कळवावे. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल ही औषधे गरोदरपणात चालत नाहीत.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी असावे. त्यात लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही आले.

रमजानपूर्वी डॉक्टरांकडे अवश्य जावे. पुष्कळांना सहेरी-इफ्तारच्या वेळेप्रमाणे गोळ्या बांधून देता येतात. ज्यांना रोजा झेपणार नाही असे डॉक्टर सांगतील, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. आजाऱ्याला सवलत कुरआन शरीफनेच दिली आहे.

तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर कांदा हुंगवण्यात किंवा झाडफुंकीत वेळ दवडू नका. १०८ क्रमांक फिरवा. तेथे एकेका मिनिटाला मोल आहे.

विद्यार्थी मित्रांनो, घरात औषधाच्या पाकिटावरील अक्षरे वाचता येणारे बहुधा तुम्हीच असता. नाव वाचा, मुदत पाहा, गोळ्या संपण्याआधी चार दिवस अब्बांना आठवण द्या. तीस वर्षांवरील सर्वांना प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीस घेऊन जा. तेथे दाब मोजण्याचे पैसे पडत नाहीत. पालकांनो, बारावीनंतर मुलगी नर्सिंगला जाते म्हणाली तर तिला अडवू नका. हजरत रुफैदांचाच तो वारसा आहे.

शिक्षणाचा उपयोग परीक्षेपुरता नाही. दादीची एक गोळी वेळेवर गेली, तर शाळेत शिकलेले कामी आले असे समजावे.